नवा हजेरीपट

उन्हाळ्याची सुट्टी संपत आली म्हणजे विद्यार्थ्यांच्या मनाची काय अवस्था होते, याची वर्णने मराठीत विपुल आढळतात. कोऱ्या पुस्तकांचा वास, वह्यांना घातलेली खाकी कव्हरे, पहिला पाऊस आणि त्यात भिजलेले दप्तर हे सारे आपल्या वाङ्मयाने इतक्या वेळा रंगवले आहे, की जूनचा पाऊस आणि शाळा यांचे नाते आपल्याला एखाद्या निसर्गनियमासारखे वाटू लागले आहे. त्याच दिवसांत टेबलामागे उभ्या राहणाऱ्या माणसाच्या मनात काय चालते, याची विचारपूस मात्र क्वचितच होते. शिक्षकाला दीड-दोन महिने सुट्टी असते, एवढेच लोकांना ठाऊक असते. आणि तेही पुष्कळदा किंचित असूयेने सांगितले जाते.

हा विषय मी जयपूरच्या प्रताप नगराच्या आधाराने मांडणार आहे. शहराच्या दक्षिण अंगाला, टोंक रस्त्यालगत, सांगानेरच्या परिसरात राजस्थान आवासन मंडळाने वसवलेली ही विस्तीर्ण वसाहत. येथील विभाग क्रमांकांनी ओळखले जातात. मोठ्या रस्त्यांना मात्र कुंभा मार्ग, हळदीघाटी मार्ग अशी मेवाडच्या इतिहासाची आठवण देणारी नावे आहेत. नोकरदारांची ही वस्ती. साहजिकच शिक्षकही येथे पुष्कळ राहतात. कोणी जवळच्याच खाजगी शाळेत शिकवतात, तर कोणी पहाटे टोंक रस्त्यावर उभे राहून चाकसूच्या किंवा त्याही पलीकडच्या गावच्या बसची वाट पाहतात. 'अप-डाउन' हा शब्द या मंडळींच्या बोलण्यात इतका रुळला आहे, की त्याला आता परका म्हणवत नाही. आणि नोकरीनिमित्त येथे येऊन स्थिरावलेली काही मराठी कुटुंबेही या वस्तीत आहेत.

या मराठी घरांतील शिक्षिकेची सुट्टी एका वेगळ्याच कारणाने आखूड होते. महाराष्ट्रात शाळा मे महिन्याच्या आरंभी बंद होतात व जूनच्या मध्यावर उघडतात. विदर्भात उन्हाचा ताप अधिक म्हणून त्या जूनच्या चौथ्या आठवड्यापर्यंत लांबतात. राजस्थानात वर्षानुवर्षे रीत अशी राहिली, की मेच्या मध्यापर्यंत शाळा चालायची आणि जुलैच्या आरंभी पुन्हा उघडायची. सत्राच्या तारखा शासन अधूनमधून बदलते, तो भाग वेगळा. परंतु या दोन पंचांगांचा मेळ जेमतेम महिनाभरच बसतो. जयपूरची शिक्षिका माहेरी पोचते, तेव्हा भावाच्या मुलांची निम्मी सुट्टी सरलेली असते. आणि तिची सुट्टी पंधरा दिवस शिल्लक असतानाच घरातली मुले नवी दप्तरे पाठीला लावून शाळेला निघतात. मृगाच्या सरी सुरू झालेल्या असतात. वाड्यातल्या मुलांची पाठमोरी रांग दिसेनाशी झाली, की तिची स्वतःची सुट्टी मनातून तेथेच संपते. उरलेले दिवस ती केवळ मोजते.

परतल्यावर जयपूरचे घर उघडावे, तो दाराच्या फटींतून आलेली आंधीची बारीक धूळ भांड्यांवर, पलंगावर, पुस्तकांच्या कडांवर बसलेली असते. कूलरमधील वाळ्याचे ताटे सुकून कडक झालेले असतात. रोहिणी नक्षत्रात सूर्य आला म्हणजे उत्तरेकडे 'नौतपा' म्हणतात ते नऊ दिवस केव्हाच उलटून गेलेले असले, तरी उष्मा उतरलेला नसतो. महाराष्ट्रात पाऊस आणि शाळा हातात हात घालून येतात. येथे पुष्कळदा आधी शाळा येते आणि पावसाची वाट मुलांबरोबर बसून पाहावी लागते. तापलेल्या वर्गात पंखा वीज असेल तरच फिरतो. या गोष्टी क्षुल्लक वाटतील. परंतु कामावर परतणाऱ्या माणसाच्या मनाची घडण अशाच क्षुल्लक गोष्टींनी होत असते.

मग मनात काय येते? आळस येतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. सकाळी सातला घरातून निघण्याची सवय मोडलेली असते. गळाही विसरलेला असतो. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज हा सरावाने टिकतो आणि दीड महिन्याच्या घरगुती बोलण्याने तो मऊ पडतो. पहिल्या आठवड्यात आवाज बसला नाही असा शिक्षक विरळा. पायांचेही तसेच. दिवसाकाठी पाच-सहा तास उभे राहण्याचे कष्ट ज्यांनी केले नाहीत, त्यांना ते दिसत नाहीत.

परंतु आळसापेक्षा खोलवर एक भीती असते आणि तिच्याविषयी शिक्षक आपापसांतसुद्धा फारसे बोलत नाहीत. शाळा उघडण्याच्या आधीच्या रात्री झोप न लागणे, वर्ग भरला आहे आणि आपल्याला धडाच आठवत नाही अशी स्वप्ने पडणे, हे वीस-वीस वर्षे शिकवलेल्यांनाही चुकत नाही. अनुभवाने ही भीती जायला हवी, असे बाहेरच्यांना वाटते. माझे मत उलट आहे. समोर येणारा वर्ग हा दरवर्षी नवा असतो, गेल्या वर्षीची युक्ती या वर्षीच्या मुलांवर चालेल याची शाश्वती नसते, हे अनुभवानेच कळते. नवख्याची भीती स्वतःविषयीची असते. जुन्या शिक्षकाची भीती मुलांविषयीची असते. पहिल्या दिवशी ज्याला काहीच वाटत नाही, अशा शिक्षकाच्या वर्गात आपले मूल घालताना मी तरी जरा विचार करीन.

गुजरातचे थोर बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांचे 'दिवास्वप्न' हे पुस्तक या संदर्भात आठवते. प्रथम १९३२ साली गुजरातीत प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात एक शिक्षक चौथीचा वर्ग वर्षभरासाठी मागून घेतो व त्यावर प्रयोग करतो. पहिल्या दिवसाची त्याने मोठी तयारी केलेली असते. मुलांना शांततेचा खेळ शिकवावा, म्हणून तो दारे-खिडक्या लावून घेतो; आणि मुले असा काही गोंधळ मांडतात, की अखेर त्यांना सुट्टी देऊन घरी पाठवावे लागते. दुसऱ्या दिवशी तो योजना बाजूला ठेवतो आणि गोष्ट सांगायला बसतो. गिजुभाई स्वतः भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात मुलांमध्ये राहिलेले. पुढे महाराष्ट्रात बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडक त्यांच्याच सहकारी. एवढ्या अनुभवी माणसाने आपल्या नायकाचा पहिला दिवस फसलेला दाखवावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. शाळा उघडली की पहिल्याच दिवसापासून घड्याळाबरहुकूम अभ्यासक्रम सुरू झाला पाहिजे, असा आग्रह धरणाऱ्यांनी ते पान एकदा वाचावे.

आता 'दीड महिन्याच्या सुट्टी'कडे वळू. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाकाठी किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस ठरवले आहेत. शिक्षकासाठी आठवड्याचे किमान ४५ तास सांगितले आहेत आणि त्यांत पाठाच्या तयारीचा वेळ धरलेला आहे. तयारी हेही काम आहे, असे कायदा म्हणतो. समाज मात्र शिक्षकाचे काम घंटा झाल्यावर सुरू होते व घंटा झाल्यावर संपते, अशाच समजुतीत असतो. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे शिक्षक होते. (हे प्रताप निराळे, ते दानशूर प्रतापशेठ आणि जयपूरचे प्रताप नगर महाराणा प्रतापांच्या नावाचे.) तेथील वसतिगृहातील मुलांसाठी गुरुजी 'छात्रालय दैनिक' नावाचे हस्तलिखित काढीत. त्या लेखनाचा तास कोणत्याही वेळापत्रकात नव्हता. सर्वांनी साने गुरुजी व्हावे, असे मी म्हणणार नाही. पगारी नोकराकडून संतपणाची अपेक्षा करणे हा आपल्या समाजाचा एक सोयीस्कर उद्योग आहे. सांगायचे एवढेच, की या कामाचा मोठा भाग दिसत नाही.

त्याच कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकांना शिक्षणेतर कामांना जुंपण्यास मनाई केली आहे. मात्र दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका ही तीन कामे वगळून. ही तिन्ही कामे आपल्या देशात उन्हाळ्याला फारशी चुकवत नाहीत. २०२४ ची लोकसभा निवडणूक १९ एप्रिल ते १ जून अशा सात टप्प्यांत झाली. राजस्थानातील मतदान एप्रिलमध्येच दोन टप्प्यांत आटोपले, तर महाराष्ट्रात पाच टप्पे होऊन ते २० मेपर्यंत चालले. म्हणजे महाराष्ट्रातील अनेक शिक्षकांनी सुट्टी लागल्यावर मतदानयंत्रांच्या पेट्या सांभाळत रात्री काढल्या. यांखेरीज प्रशिक्षणवर्ग, उत्तरपत्रिका तपासणे, प्रवेशासाठी घरोघर फिरणे. ही कामे देशाच्या गरजेची आहेत आणि ती प्रामाणिकपणे करण्याबद्दल शिक्षकाची ख्याती आहे. म्हणूनच ती त्याच्याकडे येतात. पण मग जुलैत तो विश्रांती घेऊन आला आहे, असे गृहीत धरू नये.

हे झाले कायम नोकरीतल्यांचे. ज्यांना परतण्याचीच खात्री नाही, त्यांची गोष्ट निराळी आहे आणि माझ्या मते या साऱ्या विषयातील खरे दुखणे तेथे आहे. महाराष्ट्रात २००० साली शिक्षण सेवक योजना आली. नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे ठरावीक मानधनावर काम करायचे. प्राथमिकला ते महिना ३,००० रुपये होते. २०११-१२ च्या सुमारास ते ६,००० झाले आणि २०२३ मध्ये १६,०००. शिक्षण सेवकाला निदान तीन वर्षांनंतरचा किनारा दिसत असतो. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना तोही दिसत नाही. जितके तास घेतले, तितकेच पैसे. मे-जूनमध्ये तास नाहीत, म्हणून पैसेही नाहीत. अनेक शहरांतील लहान खाजगी शाळांमध्ये वार्षिक परीक्षा झाली की शिक्षिकेला 'पाहू, पुढच्या सत्रात कळवू' असे सांगण्याची पद्धत आहे. सुट्टीचा पगार वाचतो.

अशा शिक्षिकेचा जून कसा जातो, हे प्रताप नगरासारख्या वस्तीत राहणाऱ्या कोणाच्याही पाहण्यात येते. ती उन्हात शिकवण्या घेते. दूरध्वनीची वाट पाहते. आपण शिकवलेली सातवी आता आठवीत गेली, ती आपल्याकडेच येईल का, याचा विचार करते आणि हा विचार करण्याचा आपल्याला काही अधिकार आहे का, असेही तिच्या मनात येते. तिला सुट्टीनंतर 'कामावर जाववत नाही' असे म्हणण्याची चैन परवडत नाही. कायम शिक्षकाचा जुलैतला आळस आणि या शिक्षिकेचे जुलैतले धास्तावलेपण एकाच शिक्षककक्षात शेजारी शेजारी बसलेले असते. एकाच कपाटातून दोघे खडू घेतात. शाळा चांगल्या व्हाव्यात असे आपल्याला खरोखर वाटत असेल, तर सुट्टीतील दिवसांचे वेतन हा प्रश्न आधी सोडवला पाहिजे. वर्ग सुशोभित करण्याचे उपक्रम मागाहून करता येतील.

मुलेही सुट्टीत बदलून येतात. पुष्कळ विसरून येतात, हे तर प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते. अमेरिकेत हॅरिस कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली या विषयावरील ३९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा लांब सुट्टीत सरासरीने सुमारे एका महिन्याच्या शिक्षणाइतकी घट होते, असे त्यांना आढळले. गणितात ही घट अधिक होती. वाचनात मात्र सुस्थितीतील घरांची मुले टिकून राहिली आणि गरीब घरांतील मुले मागे पडली. पुढे या मोजमापांविषयी शंकाही घेतल्या गेल्या. तिकडचे आकडे इकडे लावू नयेत हे खरे. पण ज्या घरी पुस्तक आहे आणि ज्या घरी नाही, त्या दोन घरांतील जूनमधला फरक समजायला आपल्याला परदेशी अभ्यासाची गरज नाही. जुलैतल्या पहिल्या पंधरवड्यात शिक्षकाला हा फरक प्रत्येक बाकावर दिसतो. नेमक्या याच पंधरवड्यात त्याच्याकडून प्रवेशाचे तक्ते, पुस्तकवाटपाच्या याद्या आणि संगणकावर भरायची माहिती मागितली जाते. पहिले पंधरा दिवस शिक्षकाकडून कोणताही कागद मागू नये, एवढा एक नियम झाला, तरी परतण्याचा अर्धा जाच कमी होईल, असे मला वाटते.

आणि मग येतो नवा हजेरीपट. गेल्या वर्षीची नावे त्यावर उतरवून शिक्षक पहिल्यांदा हजेरी घेतो, तेव्हा काही नावांना उत्तर येत नाही. सांगानेर हे रंगाई-छपाईचे गाव. बाहेरून आलेल्या कामगारांची मुले उन्हाळ्यात गावी जातात आणि कधी महिनाभर उशिरा येतात, कधी येतच नाहीत. चाकसूच्या पलीकडे, खेड्यांतल्या शाळेत, एखाद्या मुलीच्या नावापाशी वर्ग गप्प होतो आणि मग कोणीतरी सांगते, की तिचे लग्न झाले. राजस्थानात अक्षय तृतीयेला 'आखा तीज' म्हणतात. हा विवाहाचा मोठा मुहूर्त आणि तो येतो नेमका उन्हाळ्यात. गंमत नव्हे, पण योगायोग असा, की बालविवाहाला आळा घालणारा देशातील पहिला व्यापक कायदा मांडला तो याच भूमीतील अजमेरच्या हरबिलास सारडा यांनी. १९२९ साली तो संमत झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. मुलीसाठी वयाची मर्यादा तेव्हा १४ वर्षे होती. १९७८ साली ती १८ झाली आणि २००६ साली जुन्याच्या जागी नवा, अधिक कडक कायदा आला. मराठीत आपण याला 'शारदा कायदा' म्हणतो आणि पुष्कळांना त्यात देवलांच्या १८९९ च्या 'संगीत शारदा'चा भास होतो. नाव मात्र सारडांवरून आलेले आहे. कायद्याला शंभर वर्षे होत आली. बालविवाहांचे प्रमाण पुष्कळ उतरले, हे निःसंशय. तरीही जुलैच्या पहिल्या हजेरीला या भागातील शिक्षकाचा आवाज काही नावांपाशी जरा अडखळतो.

परतण्याचा प्रश्न एकेकाळी शिक्षकांच्याच बाजूने होता, हेही सांगितले पाहिजे. राजस्थानच्या दुर्गम गावांत बाहेरगावचा शिक्षक टिकत नसे. सुट्टीला गेला, की केव्हा येईल याचा नेम नसे. यावर उपाय म्हणून १९८७ साली तेथे 'शिक्षाकर्मी' प्रकल्प सुरू झाला. शिक्षण थोडे कमी असले तरी चालेल, पण गावातीलच तरुण-तरुणी निवडायच्या, त्यांना प्रशिक्षण द्यायचे आणि शाळा त्यांच्या हाती सोपवायची, अशी ती कल्पना. तिच्यावर टीका झाली. अल्प मानधनावरील शिक्षकांची पद्धत अशाच योजनांतून रुजली, हा आक्षेप निराधार म्हणता येणार नाही. परंतु गावाला आधी काय हवे होते, हे त्या योजनेने अचूक ओळखले होते. सकाळी शाळेचे कुलूप उघडणारे माणूस हवे होते.

२०२० साली तर कुलूप उघडले, पण मुले आली नाहीत. मार्चमध्ये बंद झालेल्या शाळा जून-जुलैतही रिकाम्याच राहिल्या. ज्यांनी आयुष्यभर 'गप्प बसा' म्हटले, त्यांना त्या शांततेचा जाच झाला. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर लहान लहान चौकटींत चेहरे दिसत. ज्यांच्या घरी तो नव्हता, त्यांचे चेहरे दिसतच नसत. त्यानंतर प्रत्यक्ष वर्ग भरले, तेव्हा शिक्षकांची नेहमीची कुरकूर काही काळ बंद झाली होती. आता ती पुन्हा सुरू झाली आहे. मला त्यात सुचिन्ह वाटते.

विद्यार्थिमित्रहो, आपण मुक्त विद्यालयाचे विद्यार्थी. १९७९ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचा एक प्रकल्प म्हणून ही कल्पना सुरू झाली, १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय ही स्वतंत्र संस्था झाली आणि २००२ मध्ये तिला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था हे नाव मिळाले. आपली परीक्षा एप्रिल-मेमध्ये असते, तशीच ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही. मे महिन्याची सुट्टी, जूनची नवी दप्तरे, पहिल्या दिवसाची घंटा यांतले बरेचसे आपल्या वाट्याला येत नाही. आपल्यापैकी कित्येकांची सुट्टी पाच, दहा किंवा वीस वर्षांची आहे. कोणी कामासाठी गाव सोडले, कोणाचे लग्न लवकर झाले, कोणी एका वर्षी नापास झाल्यावर दप्तर माळ्यावर टाकले. कोठल्या तरी जुन्या हजेरीपटात आपले नाव आहे आणि त्यापुढे एका जुलैपासून रकाने रिकामे आहेत. ते नाव पुकारणाऱ्या शिक्षकाला पुढे काय झाले, ते पुष्कळदा कळत नाही.

आता अभ्यासकेंद्राच्या संपर्कवर्गात आपल्यासमोर जे शिक्षक येतात, ते बहुधा आठवडाभर दुसऱ्या शाळेत शिकवून, आपली सुट्टीची वेळ मोडून आलेले असतात. त्यांचा आवाज बसलेला असेल. पहिल्या दिवशी आपल्याला वहीत नाव लिहिताना जशी धाकधूक वाटते, तशी त्यांनाही वाटत असते. कारण समोर चौदा वर्षांच्या मुलीशेजारी चाळीस वर्षांच्या बाई बसलेल्या असतात आणि दोघींना एकच धडा शिकवायचा असतो. ते नावे विचारतील, ती नव्या पानावर लिहून घेतील, आणि उच्चार चुकला तर आपण तो खुशाल दुरुस्त करावा.